पाचव्या दिवशी धुतलेलं जाळं

भाऊजी, आधी बातमी सांगून घेतो, रडायचं मागाहून पाहू. काल आपल्या तलावात जाळं पडलं! हो, तुमची तेरवी अजून व्हायची आहे, घरात सुतक आहे, आणि तरी पडलं. गोमाकाकांच्या परवानगीनं पडलं. आता नीट बसून ऐका, कारण मी ही गोष्ट सुरुवातीपासून सांगणार आहे. तुम्ही मला कोणतीच गोष्ट कधी सुरुवातीपासून सांगू दिली नाही. "मास्तर, शेपटीकडून सांगा, डोक्याकडून लय वेळ लागते," म्हणायचात. आज तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. तुमच्या जाण्याचा एवढाच एक फायदा झालाय, आणि तोही मला नको आहे.

मी मास्तर नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. सेलूच्या शाळेत मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुतो आणि बेडकाच्या बरणीवरची धूळ पुसतो. पण आपल्या ढिवर मोहल्ल्यातून पॅन्टीत शर्ट खोचून नोकरीला जाणारा मी पहिला, म्हणून तुम्ही, बहिणीच्या नवऱ्यानं, थट्टेत ठेवलेलं नाव सगळ्या गावानं उचललं. ढिवराच्या पोटी जन्मून मला पोहता येत नाही, ही दुसरी थट्टा. आणि तरी मच्छीमार संस्थेचा सचिव मी, कारण माझं अक्षर चांगलं. अध्यक्ष तुम्ही, कारण तुमचं बाकी सगळं चांगलं.

आपलं भांडण तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. दुपारी जेवलात, ताटात हात धुतलात, "जरा पाठ टेकतो" म्हणालात आणि उठलाच नाहीत. भांडण असं सोडून जातात का? त्याच सकाळी मी तुम्हाला म्हणालो होतो की आठ दिवसांत जाळं ओढू, मग कोण खरं ते दिसेल. तुम्ही म्हणालात, "आठ दिवस कायले? पाणी पाहा. चार दिवसांतच ओढू."

तुम्हाला पाणी पायानं कळायचं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तुम्ही मला हाताला धरून कमरेइतक्या पाण्यात उभं केलं होतं. मी एका हातानं तुमची बंडी घट्ट धरून होतो.

"मास्तर, घोट्याले कसं लागते?"

"कोमट."

"माह्या बापाच्या टायमाले चैत्रातबी घोटे गारठत. वरचं पाणी तापे, खालचं थंड राहे. मासोळी दुपारी खाली जाऊन बसे. आता तिनं कुठं बसाव?"

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतलं जुनं थर्मामीटर दोरीला बांधून तलावात सोडायला लागलो आणि वहीत आकडे लिहायला लागलो. महिनाभरानं ती वही मोठ्या रुबाबात तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही पानं उलटलीत आणि म्हणालात, "वा. घोट्यानं सांगतलं ते काचेनं महिन्याभरानं सांगतलं."

बाकीचं सगळ्यांना दिसतच होतं. पाऊस उशिरा येतो, येतो तेव्हा चार दिवसांत सगळा ओतून मोकळा होतो, मग महिनाभर तोंड दाखवत नाही. तलाव भरता भरता भादवा उजाडतो आणि मार्चात तळ उघडा पडायला लागतो. मासोळीला वाढायला जेमतेम सहा महिने. आपण नेहमीसारखं जिरं सोडायचो, म्हणजे पाण्यात धड दिसतही नाहीत अशी इवली पिल्लं. त्यांनी सहा महिन्यांत वाढावं किती? दोन वर्षं जाळ्यात तळहाताएवढी मासोळी आली. मोहल्ल्यातली अर्धी माणसं म्हणायला लागली, ठेक्यानं घेतलेला तलाव सरकारला देऊन टाका परत, पोरं तशीही पुलगाव-वर्ध्याला कामाला जातात.

तेव्हा तुम्ही ती उलटी अक्कल काढलीत. आदल्या वर्षीची बोटुकली, बोटाएवढी झालेली पिल्लं, तलावात सोडायची नाहीत. आपल्या शेततळ्यात दाटीवाटीनं कोंबून ठेवायची, मूठभर कोंडा आणि चिमूटभर ढेप घालायची, वर्षभर वाढूच द्यायची नाहीत. आणि तलाव भरला की एकदम सोडायची.

"उपाशी ठेवून मासा मोठा करायचा, हे कोणत्या पुस्तकात आहे?" मी विचारलं.

"पुस्तकातल्या मासोळीले पाणी पुरते, मास्तर. आपल्या मासोळीले घाई हाये. वर्षभर दाबून ठेवलेलं पोरगं जत्रेत सोडलं तर कसं खाते, तसं खाईन ते."

मी संस्थेच्या बैठकीत उभा राहून तुमच्याविरुद्ध बोललो. एकदा नाही, तीनदा बोललो. शेवटी अर्धं-अर्धं ठरलं. अर्धी तुमची दाबून ठेवलेली, अर्धं माझं ताजं जिरं. कोणती कोणाची ते ओळखू यावं म्हणून तुमच्यातल्या शे-दोनशे बोटुकलीचा पोटाखालचा उजवा पर आपण कापला. ताईनं ब्लाउज शिवायची छोटी कात्री दिली होती आणि वर दिवसभर म्हणत होती, "दोन म्हातारे मासोळीचे कान टोचून राह्यले."

आता एक कबुली देतो. पुढं दिवाळीच्या सुमारास मला एक माहितीपत्रक मिळालं. त्यात तुमची ती उलटी अक्कल जशीच्या तशी छापलेली होती, चित्रासकट. मी ते तुम्हाला दाखवलं नाही. घडी घालून बेडकाच्या बरणीमागं ठेवून दिलं. अजून तिथंच आहे.

आणि मेमधली ती गोष्ट. तुम्ही पुतणीच्या लग्नाला पुलगावला गेला होतात आणि दोन दिवस शेततळं माझ्या हवाली केलं होतंत. दुसऱ्या दिवशी उजाडताच पाहतो तर सगळी बोटुकली वर येऊन तोंडं उघडी टाकतेय. मला वाटलं, पाणी तापलंय, थंड पाणी द्यावं. बोअर सुरू केला. मासोळी घाबरू नये म्हणून पाइपाचं तोंड अगदी हळुवारपणे तळाशी नेऊन ठेवलं. स्वतःच्या मायाळूपणावर खूश होऊन वर चहा प्यायलो. तासाभरात अर्धं टोपलं मासोळी उलटी तरंगत होती.

तुम्ही आलात, पाहिलंत, पाइप उचललात आणि काठीला उंच बांधलात. पाणी वरून खालच्या पत्र्यावर आपटून फुटून पडायला लागलं. मग माझ्याकडे वळलात.

"मास्तर, तुमच्या घरी पाव्हणा धावत आला अन् धापा टाकून राह्यला, तर त्याले तांब्याभर पाणी पाजता का वारा घालता?"

"वारा."

"मासोळीले दम लागला होता, तहान नाई लागली. बोअरच्या पाण्यात हवा राहते कुठं? पाणी फुटलं की त्यात हवा जाते."

शाळेत ऑक्सिजनचा प्रयोग वर्षातून दोनदा मांडून ठेवणारा माणूस मी! बैठकीत कोणीतरी विचारलं की इतकी बोटुकली कशानं मेली. मी खाली पाहत होतो. तुम्ही म्हणालात, "ऊन जास्त झालं." आणि विडा तोंडात टाकलात. मी त्याबद्दल तुम्हाला एक शब्द बोललो नाही. आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही हसला असतात, आणि ते हसणं मला चाललं असतं. पण नाही बोललो.

आता या आठवड्याचं सांगतो.

तुम्ही गेलात आणि मोहल्ल्याची जाळी खुंटीला लागली. रीत तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच पाळत आलात. भावकीतलं माणूस गेलं की तेरवीपर्यंत कोणी जाळं ओलं करायचं नाही. एरवी तेरा दिवसांनी काय बिघडतं? पण यंदा मार्चातच ऊन असं की दुपारी बांधावर चप्पल चिकटते. तिसऱ्या दिवशी राख सावडून येताना मी तलावाकडं पाहिलं. तुम्ही गेल्या उन्हाळ्यात सगळ्यांकडून खणून घेतलेला मधला खड्डा सोडला तर पाणी मांडीइतकं. चौथ्या दिवशी सकाळी मासोळी वर तोंड काढून होती, काठापासून मध्यापर्यंत, जणू तलावावर वाळवण घातलंय. मी ओळखलं. तेरवीपर्यंत ही थांबणार नाही. तुमचीही नाही, माझीही नाही. आणि ही गेली की तलावही गेला, कारण मग त्याला धरून ठेवायला कोणाच्या तोंडी शब्द उरणार नव्हता.

मी गोमाकाकांकडे गेलो. तुमचे चुलते, मोहल्ल्यात सगळ्यांत वडील, त्यांच्या शब्दाबाहेर कोण जाणार? मी घसा साफ केला, तापमानाबद्दल बोललो, वही उघडली. काका म्हणाले, "सुधाकर, त्याची राख अजून गरम हाये. मासोळीलेबी कळते घरचा माणूस गेला म्हून." मी वही मिटली. माझ्या बोलण्यात दम कधी नव्हताच.

पाचव्या दिवशी घरातलं सगळं धुवायचं. ताई सकाळी तुमची गादी, उशी, घोंगडी, धोतरं, सगळं बैलगाडीत टाकून तलावावर घेऊन गेली. बायका सोबत होत्या. थोड्या वेळानं एक बाई धावत परत आली, "चला लवकर, सिंधूबाईनं जाळं पाण्यात टाकलं!"

आम्ही सगळे धावलो. मी सगळ्यांत मागं, तुम्हाला कल्पना आहेच. पाहतो तर ताई गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी, आणि तुम्ही चार वर्षं बसून विणलेलं ते मोठं ओढजाळं अर्धं गाडीत, अर्धं पाण्यात. डोळे सुजलेले, पण हात सपासप चालू.

"सुने, हे काय केलं?" गोमाकाका.

"धुणं धुऊन राह्यली, मामाजी." चुलतसासरे असले तरी ती त्यांना मामाजीच म्हणते.

"जाळं म्हणजे धुणं हाये का?"

"त्यायचं पांघरूण होतं. हिवाळ्यात पायावर घेऊन झोपत होते का नाई? तुमच्यासमोर मी किती वेळा भांडली, की घरभर मासोळीचा वास येते म्हून. तवा तुमीच म्हणले, झोपू दे, त्याच्या वजनानं त्याले झोप लागते. म्हणले का नाई?"

"म्हणलो."

"मग? मेलेल्या माणसाचं पांघरूण बिनधुतलं घरात ठेवू का? तशी रीत असन तर सांगा, नेते वापस."

काकांनी जाळं चाचपून पाहिलं. बायका तोंडाला पदर लावून होत्या, रडत होत्या का हसत होत्या कळेना. मासोळी आमच्यासमोरच तोंडं उघडत होती, मिटत होती. काकांनी धोतर वर खोचलं.

"पांघरूण तर होतंच," ते म्हणाले. "पण काठच्या गढूळ पाण्यात धुणं निघते का? मधात नेऊन धुवा लागन. अन् एकट्या बाईनं होणार नाई ते. उद्या सकाळी सगळे या."

भाऊजी, असा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे तुमच्या सलजेला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगू नका. पण मी खरोखर उडी मारली, आणि चिखलात बसलो.

पण एका रात्रीत सगळी तयारी होणार कुठं? सहाव्या दिवशी जाळ्याचा तुटका काठ शिवण्यात आणि बर्फ, टोपल्या जमवण्यात गेला. काल, सातव्या दिवशी, झुंजुमुंजू होताच जाळं पडलं. पंधरा माणसं इकडून, पंधरा तिकडून. मला नेहमीसारखी बांधावरची दोरी दिली, म्हणजे ज्याला काही जमत नाही त्याचं काम. पहिली ओढ काठाकाठानं काढली. आली मासोळी, चांगली टोपलंभर, पण वीतभरच. गोमाकाकांनी एक उचलून पाहिली, पोटाखालचे दोन्ही पर शाबूत दिसले तशी माझ्याकडे भिरकावली. "हे मास्तरची."

दुसरीही मास्तरची. सगळे माझ्याकडे पाहून हसताहेत. मी कधी नव्हे ते देवाला म्हणालो, मला खोटं पाड.

मग जाळं मधल्या खड्ड्यावरून आलं. दोरी एकदम जड झाली. माझ्या हातातून सरकायला लागली. "मास्तर, सोडू नका!" कोणीतरी ओरडलं. मी सोडली नाही आणि दोरीनं मला बांधावरून ओढत सरळ मधल्या खड्ड्यात नेलं. छातीपर्यंत! मला पोहता येत नाही हे मी त्या वेळी विसरलो होतो, म्हणून बुडालो नाही. आणि समोर पाणी उकळल्यासारखं झालं. पहिला कतला जाळ्यावरून उडाला आणि पलीकडं पडला, असा आवाज की कोणी रांजण टाकावा. मग दुसरा, मग रोहू, मग मोजायचं कोणी? हातभर, भाऊजी! खांद्यावर टाकून न्यावा असा एकेक! एक तर माझ्या थोबाडावर शेपूट मारून गेला. तुम्हीच पाठवला असणार, तुमचीच ती सवय.

गोमाकाकांनी एकाला उलटा केला. उजवा पर नव्हता. त्यांनी तो मला दाखवला, मग पोरांना दाखवला, मग तलावाला दाखवला. म्हातारा रडत होता आणि ओरडत होता, "कानकाप्या निघाला रे! कानकाप्या निघाला!"

ताई बांधावर होती. ती एकटीच शांत होती. मी तसाच निथळत तिच्यापाशी जाऊन बसलो. मला आता तिच्याजवळ एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. जी तुम्हाला सांगायची होती.

भाऊजी, मी अर्ज लिहिला होता. तलाव परत करायचा. संस्थेतल्या चार-पाच जणांनी सांगितलं आणि मी लिहिला, सुंदर अक्षरात, समास सोडून. तुमची सही तेवढी बाकी होती. तुम्ही गेलात त्या सकाळी तो माझ्या खिशात होता. तुमच्यासमोर बसून, तुमच्या घरचा चहा पीत, मी तो काढायची हिंमत गोळा करत होतो आणि वरून जाळ्याच्या गोष्टी करत होतो.

ताईला मी हे सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, टोपलीतली मासोळी सारखी करत म्हणाली, "त्यायले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अर्जाचं. त्याच दिवशी जेवताना म्हणत होते. सुधाकरनं अर्ज लिहला म्हणे, खिशात घेऊन फिरून राह्यला, काढायचा जीव होत नाई बिचाऱ्याचा. मी म्हणलं, मग बोलत काऊन नाई त्याले? तर म्हणे, राहू दे. मासोळी निघाली की स्वतःच फाडन."

म्हणजे तुमच्या शेवटच्या जेवणात मी होतो. बिचारा म्हणून का होईना, होतो. घरी आलो तेव्हा खिशात त्या अर्जाचा लगदा झाला होता. फाडायचंही राहिलं.

संध्याकाळी बांधावरच बैठक झाली. तलाव परत करायचा विषय कोणी काढलाच नाही. ज्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला होता तेच पुढं होऊन सांगत होते की दाबून ठेवायची रीत मुळात त्यांनाच सुचली होती. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो की मी चुकलो होतो, आणि मेमध्ये बोटुकली उन्हानं मेली नव्हती, माझ्यामुळं मेली होती. वाटलं होतं, थोडी खळबळ होईल. गोमाकाका म्हणाले, "बस खाली. सगळ्यायले माहीत हाये ते." आठ दिवसांत मला कळत चाललंय की या गावात माझ्या पोटातलं फक्त मलाच गुप्त वाटत होतं.

मग अध्यक्ष कोण, असा प्रश्न आला, आणि सगळ्यांनी एकदम ताईकडं पाहिलं. ती म्हणाली, "मी बसन. पण एक सांगते. ते कतला-रोहूचं त्यायचं होतं. माह्यं म्हणणं, यंदा शेततळ्यात अर्धी जागा मरळीले द्याची. कतल्याले दम लागते, मरळ वर येऊन हवा घेते. पाणी सरलं तरी चिखलात जीव धरून राहते. ऊन वाढणारच हाये, तर उन्हाले न भेणारी मासोळी पाहा ना."

"अजिबात नाही," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो, तोंडाला सवय. "मरळ बाकीच्या बोटुकलीला खाऊन टाकेल."

"मधात जाळीची भिंत टाकन मी."

"जाळी कुरतडली तर?"

"तुह्यावानी पाइप तळाशी नेऊन ठेवणारा राखण्याले बसवला नाई म्हणजे झालं."

सगळा बांध हसला. आणि भाऊजी, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी पुन्हा भांडतोय, पोटभर, हातवारे करून, आणि समोर तुम्ही नाही. मी हात खाली घेतले. पण ताई थांबायला तयार नव्हती. तिनं मत मागितलं. अर्धे हात तिच्या बाजूनं, अर्धे माझ्या. बरोबर सारखे. गोमाकाकांनी हात वर केलाच नाही, त्यांना दोन्हीकडून जेवायचं असतं. निकाल पुढच्या बैठकीवर गेला.

तर आता तुमचं मत हवं आहे. तुम्हाला मरळीचा रस्सा किती आवडायचा हे मला माहीत आहे, ताईलाही माहीत आहे, म्हणून ती म्हणते तुम्ही तिच्याकडून असता. मी मात्र सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून टाकलंय की भाऊजी असते तर त्यांनी माझ्याच बाजूनं हात वर केला असता. सरळ खोटं बोललोय, हे तुम्हालाही कळतं. सहन होत नसेल, तर या आणि सांगा तसं.